गोड बोलण्याचा दुष्परिणाम

मला ल्युपस झाल्याचं कळलं तेव्हा माझ्या नणंदेनं पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे वहिनी, नक्की दुखतं कुठे?" मी म्हटलं, "कुठे दुखत नाही ते सांगते, लवकर संपेल." त्या रुसून गेल्या. त्या नेहमीच रुसून जातात आणि चार दिवसांनी डबा घेऊन परत येतात, त्यामुळे मीही मनावर घेतलं नाही.

आजार तसा समजायला सोपा आहे. जंतूंशी लढायला शरीर ज्या पेशी पाळतं, त्यांनी जंतूंना सोडून घरच्यांनाच धरून मारायचं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते हे. आधी सांधे धरले, मग गालांवर लाल चट्टे उठवले, मग केस गेले. मी मंडईजवळच्या एका शाळेत दहावीला गणित शिकवते. बोटांत खडू धरवेना, तेव्हा फळ्यावरची वर्तुळं मुलांकडून काढून घ्यायला लागले. ती अशी काही यायची की सांध्यांपेक्षा डोळेच जास्त दुखायचे. मग स्टेरॉइड सुरू झाली आणि तोंड पुरीसारखं फुगलं. लगेच सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, "तब्येत छान सुधारली हो तुमची!" मी म्हटलं, "हो ना, आता फक्त जिवंत राहायचं बाकी आहे."

येणारा प्रत्येक जण एकच सल्ला द्यायचा: प्रतिकारशक्ती वाढवा. करोना गेला, पण जाताना हा शब्द आमच्याकडे ठेवून गेला. मी जीव तोडून सांगायची, "अहो, तीच तर वाढलीय! तीच मला खातेय. तिला आणखी खुराक कशाला घालू?" समोरचा माणूस समजूतदारपणे मान हलवायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे. पण गुळवेलीनं काही अपाय होत नाही." भीक नको पण कुत्रं आवर, असं व्हायचं. नणंदेनं गुळवेलीच्या काढ्याची बाटलीच आणून दिली. मी तो गॅलरीतल्या कढीपत्त्याला घातला. कढीपत्ता आठवड्यात वाळला. त्याची प्रतिकारशक्ती जरा जास्तच वाढली असावी.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. ह्यांचं घराणं धायरीचं, धायरी गाव होतं तेव्हापासूनचं. जिथे माझ्या सासऱ्यांचा हरभरा यायचा तिथे आता सात मजले उभे आहेत. त्यातल्या तिसऱ्यावर आम्ही राहतो आणि तळमजल्यावर ह्यांचं नळ, पाइप आणि टाक्यांचं दुकान आहे. मी पुण्याच्या पेठेतली. मला बोलल्यावाचून राहवत नाही आणि सरळ बोलता येत नाही. ह्यांना बोलल्यावाचून अगदी आरामात राहवतं. मी काहीही टोमणा मारला की हे "हां" म्हणतात आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतात. दिवाळीला साडी आणली. मी म्हटलं, "रंग दुकानातल्या पाइपांवरून निवडला वाटतं?" "हां." साडी मी नेसले, वर्षभर नेसले, पण आवडली म्हणून बोलले नाही. आमच्या माहेरी 'वाईट नाही' ही स्तुतीची कमाल मर्यादा. त्यापुढे कोणी गेलं तर समोरच्याला संशय येतो की ह्याला पैसे उसने हवेत.

मग आजारानं मूत्रपिंडांकडे मोर्चा वळवला. लघवीतून प्रथिनं जायला लागली, पाय सुजले. एकेक औषध हात टेकून बाजूला झालं. माझ्या डॉक्टर बाई पुण्याच्याच. त्या घोळ घालत नाहीत. म्हणाल्या, "असंच चाललं तर डायलिसिस फार लांब नाही. एक प्रायोगिक उपचार आहे. कॅन्सरच्या काही रुग्णांना देतात, ल्युपसला अजून प्रयोगच म्हणायचा. विचार करा."

उपचार असा. माझ्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या. प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत बदल करून त्यांना शिकवायचं की बी पेशी ओळखायच्या आणि मारायच्या, कारण माझ्यावर उलटलेल्या त्या बी पेशी. मग शिकवून तयार झालेल्या टी पेशी परत माझ्या अंगात सोडायच्या. जुन्या बी पेशी साफ झाल्या की शरीर नव्या करतं, आणि त्या नव्यांना जुनं वैर माहीत नसतं, अशी आशा. बाईंनी 'आशा' हा शब्द दोनदा वापरला, ते मी ऐकलं.

मी म्हटलं, "म्हणजे वात्रट पोरांना आवरायला वर्गातल्याच चार पोरांना मॉनिटर करायचं. मी केलंय ते. मॉनिटर जास्त वात्रट निघतात."

"तोच धोका आहे," बाई म्हणाल्या.

हे म्हणाले, "टाकी उपसायची, धुवायची, नवं पाणी भरायचं."

"साधारण तसंच."

"आणि धुताना टाकीच तडकली तर?"

बाईंनी एकेक करून सगळं सांगितलं. ताप येतो, रक्तदाब पडतो, त्यावर औषधं आहेत. आणि कधीकधी मेंदूवर परिणाम होतो. माणूस गोंधळतो, शब्द सापडत नाहीत, बोलणं बदलतं. वेळेत लक्षात आलं तर आवरता येतं. नाही आलं तर झटके, बेशुद्धी आणि क्वचित त्याच्याही पुढचं. "आम्ही रोज तपासू," त्या ह्यांना म्हणाल्या, "पण तुम्ही त्यांना आमच्यापेक्षा जास्त ओळखता. जरा जरी वेगळं वाटलं तरी लगेच सांगायचं. हसतील म्हणून गप्प बसायचं नाही." हे म्हणाले, "हां."

घरी येताना सिंहगड रोडला गाडी नेहमीप्रमाणे उभीच होती. मी विचारलं, "माझं डोकं गेलं तर काय कराल?" हे समोर बघत म्हणाले, "किडनी गेली तर माझी देईन. डोकं देता येत नाही." ह्यांचं एवढं लांब बोलणं मी दुकानाच्या उद्घाटनानंतर पहिल्यांदा ऐकलं. मला त्यावर काहीतरी खोचक सुचलं होतं, पण तोंड उघडलं नाही. मी घाबरले होते. सपशेल घाबरले होते. डायलिसिसला घाबरले होते आणि त्याहून जास्त, माझं बोलणं जाईल ह्याला. ते गेलं तर माझ्यात उरतं काय? सुजलेले पाय आणि फुगलेलं तोंड.

तरी हो म्हटलं. नाही म्हणून काय करणार होते, काढा पिणार?

एका हातातून रक्त काढून, यंत्रातून फिरवून, हव्या त्या पेशी गाळून घेऊन, उरलेलं दुसऱ्या हातात परत सोडलं. दिवसभर मी तशी दोन्हीकडून बांधलेली पडून होते. नाक खाजवायचं तर सिस्टरला हाक. मग माझ्या पेशी विमानानं प्रयोगशाळेत गेल्या. मी स्वतः तोवर विमानात बसले नव्हते. माझ्या पेशी माझ्याआधी बसल्या, आणि परत आल्या त्या चांगल्या शिकूनसवरून. त्या यायच्या आत मला केमोथेरपी देऊन अंगातली जागा रिकामी करून ठेवली होती. प्रत्यक्ष पिशवी आली ती एवढीशी. मंडईत कोथिंबिरीवर मिरच्या फुकट टाकतात, तेवढी. पाच-दहा मिनिटांत संपली. मी म्हटलं, "एवढंच? मला वाटलं निदान नारळ तरी फोडाल."

त्यानंतर खरा सोहळा सुरू झाला, मेंदूच्या परीक्षेचा. परीक्षक होते एक तरुण निवासी डॉक्टर. विदर्भातले, सज्जन, डोळ्यांत सतत झोप आणि पुण्यात अगदी नवे. सकाळ-संध्याकाळ येऊन तेच प्रश्न विचारायचे.

"काकू, हे कोणतं शहर आहे?"

"रस्त्यावरच्या खड्ड्यांवरून पुणं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

"आपण आता कुठे आहोत?"

"महाबळेश्वरला. हवापालटाला आलोय ना."

त्यांनी खिशातलं पेन दाखवलं. "हे काय आहे?"

"तुमच्या खिशात गळतंय ते."

"शंभरपासून दहा-दहा कमी करत उलटं मोजा."

"इतकी वर्षं गणित शिकवून हा दिवस बघायचा राहिला होता." पण मोजले, शून्यापर्यंत, आणि पुढे उणे दहा, उणे वीस असंही सुरू केलं. त्यांनी थांबवलं.

"आता एक वाक्य लिहा."

मी लिहिलं: 'येथील उपमा पाहता उपास श्रेयस्कर.'

ते बिचारे घाबरून बाहेर गेले. दाराबाहेर त्यांचा फोनवरचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. "मॅडम, पेशंट कन्फ्यूज्ड वाटून राहिली. महाबळेश्वर म्हणते. पेन ओळखलं नाही." बाई धावत आल्या. त्यांनी मला तेच प्रश्न विचारले, मी तीच उत्तरं दिली. त्यांनी माझं वाक्य वाचलं आणि डॉक्टरांकडे वळून विचारलं, "इथला उपमा तुम्ही खाल्लाय?"

"हो मॅडम."

"मग पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे." जाता जाता म्हणाल्या, "हे पुणं आहे. सवय होईल."

आणि झालीही. पुढच्या खेपेपासून ते माझ्या उत्तरांची वाट बघायला लागले. सिस्टर सांगायच्या की बाहेर जाऊन इतरांना सांगून हसतात. मलाही जरा उत्साह आला. सकाळी काय बोलायचं ते मी आधीच ठरवून ठेवायला लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

मग ताप आला. पहिला दिवस आठवतो, दात वाजत होते आणि मी सिस्टरला म्हणत होते, "पंखा बंद करा नाहीतर मला तरी." त्यानंतरचं माझं नाही. जे लिहितेय ते सिस्टरांनी आणि त्या डॉक्टरांनी नंतर सांगितलेलं आहे.

संध्याकाळी डॉक्टर परीक्षेला आले. शहर कोणतं? "पुणे." कुठे आहोत? "रुग्णालयात." हे काय? "पेन." शंभरपासून शून्यापर्यंत मी जरा हळू, पण नीट आले. वाक्य लिहिलं: 'डॉक्टर फार चांगले आहेत.' पैकीच्या पैकी गुण. डॉक्टर खूश. त्यांना वाटलं, अखेर काकूंनी आपल्याला आपलं म्हटलं. त्यांनी तो कागद सिस्टरनाही दाखवला म्हणे.

त्यानंतर थोड्याच वेळात हे आले. झगा, टोपी, मास्क चढवून आत गेले, आणि खुर्चीत टेकतात न टेकतात तोच बाहेर पळत आले. ह्यांना पळताना मी कधी पाहिलेलं नाही. दुकानात पाइप फुटून पाणी झालं तरी हे चालत जातात. आणि एरवी शहरातल्यासारखं बोलणारा हा माणूस घाबरला की ह्याच्या तोंडून धायरी बाहेर पडते.

"सिस्टर, हिला कायतरी झालंय. डॉक्टरांना बोलवा."

"काय झालं काका?"

"ही गोड बोलतीय."

सिस्टर हसल्या. हसणारच. "अहो, मग बरंच आहे की! तापात माणूस जरा मऊ होतो."

"न्हाई. तुमाला न्हाई कळायचं. ही मऊ व्हणारी न्हाई. एकशेचार तापात मला म्हणाली हुती, पट्ट्या ठेवताय का कपडे वाळत घालताय. ही ती न्हाई."

डॉक्टर आले. त्यांनी समजावलं की आत्ताच परीक्षा घेतलीय, पूर्ण गुण आहेत, उद्या सकाळी परत बघू, आता झोपू द्या. आमचे हे, ज्यांनी गिऱ्हाइकाशी कधी आवाज चढवला नाही, ते वॉर्डच्या मधोमध उभे राहून ओरडले. "तुमच्या गुणांचं मला काय सांगता? वीस वर्षं मी हिचं ऐकून घेतोय! माझी बायको हाय ती, मला ठावं हाय! आत्ता बघा. आत्ताच्या आत्ता!" आजूबाजूच्या खोल्यांतून लोक बाहेर आले. हे दाराशी उभे राहिले ते हलायला तयार होईनात.

डॉक्टर परत आत आले. "काकू, शंभरपासून मोजा बरं."

"शंभर," मी म्हणाले. "नव्वद. नव्वद. नव्वद."

त्यांनी पेन दाखवलं. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं म्हणे, आणि म्हणाले, "छान आहे."

मग मात्र पळापळ झाली. बाईंना फोन, मला सुया, अतिदक्षता विभाग. बाई नंतर म्हणाल्या की सकाळची वाट बघितली असती तर मला झटके आले असते, आणि मग ह्या गोष्टीचा शेवट कसा झाला असता ते त्याही सांगू शकत नाहीत. डॉक्टरांनी पुढे ही केस इतर डॉक्टरांपुढे मांडली. त्यात पहिलं लक्षण म्हणून लिहिलं होतं, 'अचानक उद्भवलेलं सौजन्य.' म्हणजे पुण्याची सवय झाली त्यांना.

मला जाग आली तेव्हा हे समोर होते. मास्क लावलेला, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मी बराच वेळ बघितलं आणि म्हटलं, "मास्क ठेवा तसाच. बरा दिसतोय चेहरा झाकलेला." हे "हां" म्हणाले नाहीत. खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. सिस्टरनी डॉक्टरांना हाक मारली, "या या, आल्या शुद्धीवर!"

पुढचं बरं झालं. पायांची सूज उतरली, लघवीतली प्रथिनं कमी होत गेली, स्टेरॉइड थांबली. तोंड मूळ आकाराला आलं तशा सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, "फार खराब झालात हो!" हे बरं वाटणं किती काळ टिकेल ते कोणालाच माहीत नाही. बाई अजूनही 'आशा' म्हणतात, पण आता एकदाच. मी शाळेत जाते, मास्क लावून, आणि वर्तुळं माझी मी काढते.

फक्त एक गोष्ट राहिली होती. मी नक्की काय गोड बोलले, ते कोणालाच माहीत नव्हतं. आत फक्त हेच होते. मी घरी आल्यापासून विचारत होते. हे म्हणायचे, "काही नाही." मी म्हणायची, "काही नाही ऐकून माणूस एवढा ओरडतो?" "हां." परवा तपासणी करून परत येताना सिंहगड रोडला सिग्नलला अडकलो होतो. रिपोर्ट चांगला होता, ह्यांचा चेहरा जरा सैलावला होता. मी म्हटलं, "आज सांगितल्याशिवाय मी गाडीतून उतरणार नाही. इथेच राहीन, पत्रं इथेच पाठवा."

ह्यांनी स्टिअरिंगवर बोट फिरवलं. मग समोर बघतच म्हणाले, "तू म्हणालीस, तुमच्याशी लग्न केलं ते फार बरं केलं मी. तुम्ही फार चांगले आहात."

"मग?"

"मग मी पळालो."

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच अडकलं. वीस वर्षांत ते वाक्य ह्या माणसानं एकदाच ऐकलं, आणि ऐकताक्षणी तो डॉक्टर बोलवायला धावला. आणि त्याचं चुकलंही नव्हतं. मला इतकं रडू आलं की खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं.

"अहो," मी म्हटलं, "ते तापातलं नव्हतं. खरं आहे ते. बरंच केलं मी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट, डोळे बारीक करून पाहिलं. मग हात पुढे करून माझ्या कपाळावर ठेवला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. ताप नव्हता, आणि ते ह्यांच्याही लक्षात आलं असणार, पण ह्यांनी हात काढला नाही.